लालीचा पाय आणि कूलरखालचा चिखल

वाचकाचं पत्र :

डॉक्टरसाहेब, आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. घरामागच्या सांदवाडीत सात कोंबड्या आहेत. पाच गावरान, एक कडकनाथ आणि एक लाल, अंगाने भरलेली; विकणाऱ्याने गिरिराज म्हणून दिली. मुलगी तिला लाली म्हणते. आठ दिवसांपासून लाली लंगडते. उचलून पाहिलं तर उजव्या तळपायाच्या मधोमध काळी खपली आहे आणि भोवती सूज. दाबलं की पाय ओढून घेते. खाते-पिते, अंडं एक दिवसाआड देते. दिवसभर कूलरखाली गारव्याला बसून राहते, रात्री सगळ्याच कूलरच्या स्टँडवर चढून झोपतात. मुलाने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, त्यात ब्लेडने खपली कापून आतली गाठ काढतात. तो करायला तयार आहे. शेजारच्या काकू हळद-चुना लावा म्हणतात. त्यांचे मिस्टर म्हणतात, कशाला त्रास, सावजी करून टाका. यांच्या दाताच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घरात उरल्या आहेत, त्या देऊ का? अंडी खायची का? बाकीच्यांना लागण होईल का? हा बर्ड फ्लू तर नाही ना?

उत्तर :

ताई,

सगळ्यात आधी मुलाच्या हातातलं ब्लेड काढून घ्या. त्याची कळकळ मला समजते, पण ते काम सांदवाडीत करायचं नाही. का, ते सांगतोच.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहून गेलात आणि माझं लक्ष खपलीपेक्षा तिथेच अडकलं. लाली दिवसा कूलरखाली असते आणि रात्री कूलरच्या स्टँडवर. मे महिन्यात नागपुरातल्या कूलरखाली काय असतं ते कोणी कोणाला सांगायला नको. टाकी भरताना पाणी वरून सांडतं, पॅडमधून थेंब पडत राहतात, आणि खाली चार हात जागेत शेवाळलेला चिखल. सावली, गारवा आणि वर किडे खायला. कोंबडीला याहून चांगली जागा अख्ख्या सांदवाडीत नाही. पण दिवसभर तिथे उभं राहिलं की, खूप वेळ धुणं धुतल्यावर आपल्या बोटांचं होतं ना, तसं तिच्या तळपायाचं होतं. कातडी फुगते, मऊ पडते. मग तीच कोंबडी रात्रभर लोखंडी अँगलच्या धारेवर बसते आणि पहाटे तीन-चार फुटांवरून खालच्या फरशीवर उडी घेते. गावरान कोंबडी हलकी, पंख फडफडवत उतरते. लाली भारी अंगाची. ती उतरत नाही, आदळते.

म्हणून सातांपैकी लालीच लंगडली. यात नशिबाचा काही भाग नाही.

या दुखण्याला बंबलफूट म्हणतात. दिसायला माणसाच्या भोवरीसारखं. पण भोवरी म्हणजे नुसती दाबाने घट्ट झालेली कातडी. इथे कातडीखाली जंतू घर करतात. बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू सापडतो. तो बाहेरून कुठून येत नाही. कोंबडीच्या कातडीवर, धुळीत, आपल्या नाकातसुद्धा असतो. त्याला हवी असते एक भेग. ती भेग मऊ पडलेल्या कातडीला अँगलच्या धारेने मिळते, कोणाला सराट्याच्या काट्याने, कोणाला फुटक्या टाइलच्या कोपऱ्याने.

आता ब्लेडचं. आपल्याला गळू झालं की पू पातळ होतो, गळू फुटलं की वाहून जातो आणि आराम पडतो. तुमच्या मुलाच्या डोक्यात हेच चित्र असणार. पक्ष्यांचा पू असा वाहत नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारी रसायनं पुरेशी नसतात, म्हणून तो घट्ट होत जातो, पनीरच्या तुकड्यासारखा, आणि शेवटी त्याची पिवळट गाठ बनते. व्हिडिओत ओढून काढतात ती हीच. दाबून ती बाहेर येत नाही. दाबलं तर जंतू आणखी आत सरकतात. आणि तळपायाच्या त्या गादीखाली लगेच बोटं वाकवणाऱ्या कंडरा आहेत. कोंबडी दांडीवर झोपेतही पडत नाही ती त्यांच्यामुळेच. खाली बसताना पाय दुमडला की कंडरा ताणल्या जातात आणि बोटं आपोआप दांडीभोवती वळतात. ब्लेड दोन मिलीमीटर जास्त गेलं की ही सगळी योजना बिघडली.

हे मी वाचून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका खेड्यात, ओसरीवर, कंदिलाच्या उजेडात एका कोंबड्याचा पाय असा कापला होता. भूल नाही, काही नाही. घरची मंडळी कौतुकाने बघत होती आणि मलाही ते आवडत होतं. गाठ निघाली, जखमही भरली. पण मधलं बोट कायमचं ताठ राहिलं. कोंबड्याला दांडी धरता येईना, तो जमिनीवर झोपू लागला आणि पावसाळ्यात एका रात्री रानमांजराने नेला. मालकाने मला कधी दोष दिला नाही, तेच जास्त लागलं.

लालीला आठ दिवस झाले आहेत, सूज आहे, पाय टेकवताना दुखतं आहे. नुसती पातळ खपली असती आणि चाल नीट असती, तर मी म्हटलं असतं, दोन आठवडे घरीच करा. पण ही पायरी ओलांडली आहे. तेव्हा या दोन-तीन दिवसांत तिला दाखवून घ्या. खाजगी दवाखान्यांत बहुतेक कुत्री-मांजरंच येतात, कोंबडी नेली तर काहीजण चाट पडतात. तुम्ही सरळ सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा. तिथे कोंबडी नवलाची नाही, आणि शिकणारी पोरं असतात म्हणून तपासणी जरा जास्तच बारकाईने होते. सकाळीच निघा. भोकं पाडलेल्या खोक्यात खाली गोणपाट टाका, गाडीवर नेणार असाल तर खोकं सावलीच्या बाजूला धरा. दुपारी बाराच्या उन्हात खोक्यात बसलेली कोंबडी पायाने नाही, उष्म्याने मरते. डॉक्टरांना विचारा, हाडापर्यंत गेलंय का ते एक्स-रेवर बघायचं का, आणि जखमेतला नमुना तपासायला पाठवता येईल का. नमुना तपासला की कोणतं औषध लागू पडेल ते कळतं, अंदाजपंचे कोर्स करावा लागत नाही. गाठ काढायची ठरलीच तर ते भूल देऊन, निर्जंतुक हत्यारांनी काढतील.

तोवर घरी काय करायचं, ते नीट वाचा.

लालीला रात्री उचला, अंधारात ती धावत नाही. जुन्या टॉवेलमध्ये पंखांसकट गुंडाळा, डोक्यावर टॉवेलचं टोक हलकेच टाका, म्हणजे शांत राहते. छाती मात्र आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो, ती छाती हलवूनच श्वास घेते. प्रेमाने घट्ट धरलेली कोंबडी हातात गुदमरू शकते. उन्हाळा आहे, चोच उघडून धापा टाकायला लागली तर टॉवेल सोडा आणि अर्ध्या तासाने पुन्हा धरा. हातात मोजे घाला, नाहीतर किराण्याच्या पिशव्या मनगटाला बांधा. हा जंतू आपल्या जखमेतही शिरतो, आणि त्याच हाताने स्वयंपाक केला तर पोट बिघडवतो.

घमेल्यात कोमट पाणी घ्या, बाळाच्या अंघोळीला कोपर बुडवून बघतो तेवढंच कोमट. दोन लिटर पाण्यात तीन-चार चमचे एप्सम मीठ. नर्सरीत आणि खताच्या दुकानात मॅग्नेशियम सल्फेट म्हणून मिळतं तेच, फक्त कशात मिसळलेलं नसावं. पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. ते पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतील. मग जुन्या मऊ टूथब्रशने घाण काढा. खपली आपोआप सुटली तर ठीक, चिकटलेली असेल तर राहू द्या. नखाने उचकटायची नाही. पाय कापडाने टिपून कोरडा करा, बोटांच्या बेचक्यांसकट. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात टाकून फिकट चहाच्या रंगाचं करा, त्याने जखम पुसा, दोन मिनिटं वाळू द्या, वर त्याचंच साधं मलम, गॉजची घडी आणि पट्टी.

पट्टी बांधणं हे खरं कसब. एका बोटाच्या फटीतून घेऊन तळव्यावरून दुसऱ्या फटीत, मग वर पायाच्या नळीभोवती एक वेढा, असं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं फिरवा. मेडिकलमध्ये स्वतःलाच चिकटणारी पट्टी मिळते, ती सोयीची; ओढून नाही, नुसती ठेवत ठेवत गुंडाळायची. नसेल तर गॉजची पट्टी आणि वर कागदी टेप. अर्ध्या तासाने बोटांना हात लावा. गार लागली किंवा फुगली तर पट्टी आवळली आहे, लगेच सोडा. पहिले चार-पाच दिवस पट्टी रोज बदलायची, मग एक दिवसाआड. आणि लालीला घरातच खोक्यात, कोरड्या कापडावर ठेवा, पण बाकीच्या दिसतील अशा जागी. एकटी पडलेली कोंबडी खाणं सोडते, आणि परत कळपात सोडली की बाकीच्या तिला चोची मारून नव्याने जागा दाखवतात.

काय लावायचं नाही तेही ऐका. काकूंना माझा नमस्कार सांगा, पण हळद-चुना मुरगळलेल्या घोट्याला लावायचा असतो. चुना उघड्या जखमेवर भाजतो. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं म्हणून काम करतंय असं वाटतं. रोज वापरलं तर भरत आलेलं मांसही जाळतं. घरातल्या फ्रिजवर असते ती खाजेची क्रीमही नको. आपल्याकडे त्यांतल्या बऱ्याच क्रीममध्ये स्टिरॉइड असतं, त्याने जखम भरायची थांबते. बधिर करणारं मलमही पक्ष्यांना धोक्याचं.

पोटातल्या औषधांचं त्याहून सांभाळून. तुमच्या मिस्टरांच्या दाताच्या गोळ्या परत डब्यात ठेवा, खरं तर डब्यातही ठेवू नका. उरलेल्या गोळ्यांनी कोर्स पुरा होत नाही, डोस कळत नाही, आणि त्या घट्ट गाठीत औषध तसंही नीट पोचत नाही. कोंबड्यांच्या पाण्यात टाकायच्या पावडरी दुकानदार सहज देतात, त्यांचंही तेच. कोलिस्टिन नावाचं औषध सरकारने २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत बंद केलं, कारण जंतूंविरुद्ध माणसाच्या हातातलं शेवटचं हत्यार बोथट होत होतं. कोणाकडे जुनं पाकीट असेल तर घेऊ नका. आणि दुखतंय म्हणून घरातली डायक्लोफेनॅक तर अजिबात नको. हे औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन आपली गिधाडं संपत आली, मूत्रपिंडं निकामी होऊन. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. वेदनेला औषध असतं, ते डॉक्टर वजन पाहून देतील. मागून घ्या. दुखणारी कोंबडी दुखतं असं सांगत नाही, ती फक्त कमी हिंडते आणि आपण म्हणतो, उन्हाने सुस्तावली.

अंडी : औषध पोटात गेलेलं नाही तोवर अंडी नीट शिजवून खा, टरफलाला घाण लागलेली वगळा. औषध सुरू झालं की डॉक्टरांना विचारायचं, किती दिवस अंडी खायची नाहीत. तेवढे दिवस लालीची अंडी फेकायची. शेजारी द्यायची नाहीत, नातवालाही नाहीत. लालीचं अंडं कुठलं ते ओळखू येत नसेल तर ती खोक्यात असतानाच हा प्रश्न सुटतो. आणि सावजीवाल्या काकांना सांगा, जंतू अंगात भिनलेली किंवा औषध चालू असलेली कोंबडी कितीही झणझणीत रश्श्यात चांगली होत नाही.

बर्ड फ्लू असा नसतो. तो आला की एकाच पायाला खपली येऊन आठ दिवस कोंबडी अंडी देत बसत नाही. एकाएकी दोन-चार मरतात, तुरा निळा पडतो, डोकं सुजतं, पायाच्या नळ्यांवर रक्ताळलेले ठिपके दिसतात. असं कधी दिसलं तर मेलेल्या पक्ष्याला हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, १९६२ हा जनावरांसाठीचा फोन आहे. तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. २०२४ च्या शेवटी आपल्याच गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. पण लालीला तो नाही.

लागणीचं म्हणाल तर लाली कोणाला खोकल्यासारखं हे देत नाही. मात्र ज्या चिखलाने आणि ज्या अँगलने तिला दिलं, तो चिखल आणि तो अँगल सहाही जणींना तसाच मिळतो आहे. म्हणून आज रात्री सगळ्यांचे पाय बघा. कडकनाथचा पाय तर हातानेच बघावा लागेल. तिचा पायच काळपट, त्यात लालसरपणा दिसत नाही आणि काळी खपलीही मिसळून जाते. दोन्ही तळवे अंगठ्याने एकाच वेळी चाचपा. एक जास्त गरम किंवा जास्त टणक लागला तर तोच. पाहताना बोटांमध्ये दोरा, केस अडकलाय का तेही बघा. संक्रांतीनंतर नागपुरात पतंगाचा मांजा महिनोन्‌महिने झाडाझुडपांत लोंबत असतो. नायलॉनचा असला की कोंबडीचं बोट कापत जातो आणि वरून फक्त सूज दिसते. पायाचे खवले उचललेले, खडबडीत, पांढरट दिसले तर ती खवल्यांखालची खरूज, किडीने होते. तिचं औषध वेगळं. रॉकेल किंवा गाडीचं जळकं ऑइल लावायची पद्धत आहे, ती करू नका. एकदम गुडघ्यासारखे सांधेच सुजले असतील तर तोही वेगळाच आजार, तो डॉक्टरांवर सोडा.

आता कूलर. पट्टी कितीही छान बांधली तरी हे केलं नाही तर दिवाळीपर्यंत तुम्ही मला दुसऱ्या पायाचं पत्र लिहाल. कूलर बंद करा असं नागपुरात कोणी कोणाला सांगू नये, मीही सांगत नाही. सांडणारं पाणी पाइपाने पपईच्या किंवा कढीपत्त्याच्या आळ्यात काढा. कूलरखालचा चिखल खरवडून मुरूम टाका, वरून चार बोटं वाळू. मुरूम एकटा नको, त्याचेही खडे टोचतात. आणि त्यांचा गारवा हिरावून घेऊ नका, दुसरीकडे द्या. हिरवी नेट बांधून सावली करा, एका बाजूला ओलं गोणपाट लोंबतं सोडा, त्याचं पाणी खाली बादलीत पडू द्या. सपाट ताटलीत पाणी ठेवा, पाय बुडवून लगेच बाहेर येतील अशी.

झोपायला स्टँड बंद. दुपारीच त्याच्या आडव्या पट्ट्यांवर तिरका पत्रा किंवा पुठ्ठा बांधा, दोन-तीन रात्री कुरकुरतील. खुराड्यात लाकडी दांडी लावा, दीड-दोन इंच रुंद, वरच्या कडा सुताराकडून रंध्याने गोल करून. बांबू चालतो, पण त्याचे पेर घासून घ्या, चिरलेला नको. उंची लालीच्या मानाने दीड फूट, फार तर दोन. उतरण्याच्या जागी धानाचं तूस किंवा भुसा तीन-चार बोटं जाड. आपल्याकडे सोयाबीनचं कुटार फुकट मिळतं म्हणून लोक तेच अंथरतात. त्याचे काड्यांचे टोक टोचतात आणि ओलं झालं की बुरशी धरतं. मूठभर उचलून दाबायचं, गोळा झाला तर बदलायचं.

खाण्याचंही थोडं. तुम्ही काय घालता ते लिहिलं नाही, पण बहुतेक घरी तांदळाची कणी आणि शिळी पोळी असते. त्यात अ जीवनसत्त्व नसल्यात जमा, आणि त्याच्या कमतरतेने कातडी कमजोर होते. शेवग्याचा पाला, पालक, पिवळा मका द्या. लाली लठ्ठ असेल तर कणी निम्मी करा.

जूनच्या मध्याला पाऊस आला की आपली काळी माती बोटांना चिकटून गोळे होतात आणि वाळून दगड बनतात. पाणी लावून विरघळवा, ओढून तोडू नका, नख निघून येतं. तोवर लालीची जखम भरलेली असावी.

पंधरा दिवसांनी मला फोटो पाठवा. यावेळी वरून नाही, पाय उलटा धरून तळव्याचा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. आणि एक कूलरच्या खालचा.